उधाणाची ओल

बोरिवली (पश्चिम)
२४ ऑगस्ट १९८६

ती. मामांना आणि मालनमामीला वनमालाचा नमस्कार.

खुशाली शेवटी लिहिते, आधी कामाचं. आमच्या घराची जमीन घामेजते. हसू नका, खरंच घामेजते. सकाळी उठून पाय खाली टेकला की तळव्याला ओल लागते. फडक्याने पुसली की तासाभरात पुन्हा तशीच. लाद्यांच्या सांध्यांतून पांढरी पूड वर येते. मी जिभेला लावून बघितली, खारट लागली. हे ओरडले, म्हणाले, काय वाट्टेल ते तोंडात घालतेस. पण मला राहवेना.

सासूबाईंचा हट्ट तुम्हाला माहीत आहेच, पलंगावर झोपायचं नाही म्हणजे नाही. त्यांची गोधडी खालून बुरसली आहे आणि खोकला हटत नाही. कपाटाखाली ठेवलेली यांची सर्टिफिकिटं एकमेकांना चिकटली. गेल्या वर्षीही थोडी ओल होती, पण यंदा वाट लागली आहे अगदी. गंमत म्हणजे समोरच्या बी विंगमध्ये तळमजला कोरडा ठणठणीत. त्यामुळे सोसायटीत कुणाला आमचं खरंच वाटत नाही.

मामा, या इमारतीचे मुकादम तुम्ही होतात. पाया खणण्यापासून गच्चीपर्यंत सगळं तुमच्या डोळ्यांसमोर झालं. तुम्ही हो म्हणालात म्हणून आईने आम्हाला इथे घर घ्यायला लावलं. तेव्हा तुम्हाला नाही तर कुणाला विचारू?

माझ्या मनात एक आहे, ते लिहायला जीव होत नाही. आमची झोपायची खोली आणि शेजारच्या एडनाची मोरी यांच्यामध्ये एकच भिंत. ओल तिथेच जास्त वाटते. एडना तुम्हाला आठवत असेल, गोराईची, तुम्ही मे महिन्यात आलात तेव्हा कोलंबीचं लोणचं दिलेली. तिच्या घराची एक किल्ली आमच्या खिळ्याला असते, आमची तिच्याकडे. मला टायफॉइड झाला तेव्हा तीन आठवडे आमच्या घरची भाकरी तिने थापली. तिला जाऊन तुझी मोरी गळते असं सांगायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं. तुम्ही सांगा काय ते, आणि लवकर सांगा. ओल काय वाट बघत नाही.

आम्ही सगळे बरे आहोत.

तुमची
वनू


आचरा, ता. मालवण
१ सप्टेंबर १९८६

चि. वनमाला,

तुम्हा सगळ्यांना आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं, दोनदा वाचलं. घाबरून जाण्यासारखं काही नाही. पावसाच्या दिवसांत हवाच ओली असते, ती गार लादीवर बसते. थंड ताकाच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, तसंच ते.

तरी खात्री करून घे. फूटभर लांब, फूटभर रुंद असा जाड प्लास्टिकचा तुकडा घे. लादी अगदी कोरडी पुसून त्यावर ठेव आणि चारी कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद कर. आत वारा जाता कामा नये. चोवीस तास कुणाला हात लावू देऊ नको. मग बघ. प्लास्टिकच्या वरच्या अंगाला ओल असेल तर ती हवेतली. खालच्या अंगाला थेंब जमले असतील तर ती जमिनीतून येते. मोरीच्या भिंतीजवळ लावून बघ.

तोवर काही गोष्टी पाळ. लादी पाण्याने पुसणं बंद. पांढरी पूड म्हणजे खार, तो कोरड्या ब्रशने झाडून बाहेर टाक. धुतलास तर विरघळून पुन्हा लादीतच जाईल. सासूबाईंच्या अंथरुणाखाली गोणपाट घातलं असशील तर आजच काढ, गोणपाट ओल धरून ठेवतं. विटांवर फळ्या टाक आणि त्यावर अंथरूण, खालून हवा खेळली पाहिजे. लिनोलियम अंथरायचा विचार कुणी सुचवला तर ऐकू नको. वरून झकास दिसतं आणि खाली सगळं कुजतं.

इमारतीच्या पायाबद्दल मनात शंका आणू नको. जोत्याचं काम माझ्यासमोर झालेलं आहे.

इकडे गणपतीची तयारी चालू आहे. मालन तुला मोदकांसाठी घरचे तांदूळ पाठवणार होती, पण न्यायला माणूस मिळाला नाही. परीक्षा केलीस की लगेच लिही. वाट बघतो.

तुझा मामा
काशीराम


बोरिवली
१४ सप्टेंबर १९८६

ती. मामा,

नमस्कार. गणपती विसर्जन झालं आणि दुसऱ्याच दिवशी मी प्लास्टिक लावलं. तुम्ही सांगितलंत तसंच, मोरीच्या भिंतीजवळ, चारी बाजूंनी पट्टी. सासूबाई चोवीस तास राखणीला बसल्यासारख्या त्याच्याकडे बघत बसल्या होत्या. काल उचललं. खालच्या अंगाला थेंबच थेंब! पातेल्याच्या झाकणाला असतात तसे, हात फिरवला तर ओघळ आले.

म्हणजे माझा संशय खरा निघाला. मी तशीच एडनाकडे गेले. मनात होतं की सावकाश बोलायचं, पण तिच्या मोरीतून तेव्हाच पाण्याचा आवाज येत होता आणि माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, एडना, तुझी मोरी गळते, माझ्या सासूचा दमा वाढलाय. ती कपडे आपटत होती, तशीच उठून आली. म्हणाली, "माझी मोरी गळत नाय. उधाण आलं की तुझी जमीन ओली होते, तुला दिसत नाय काय? अमावास्येला बघ, पुनवेला बघ. खाडीचं पाणी हाय ते, खालून चढतं."

मी म्हटलं, खाडी कुठे, आपण कुठे! बोलता बोलता आवाज चढले. आमचे सेक्रेटरी भीमराज जिन्यावरून खाली आले, वरची कमल आली, निम्मी विंग जमली. भीमराजांनी एडनाचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एडनाबाई, खाडी काय रोज तुमच्या मोरीत आंघोळीला येते काय?" सगळे हसले. मीही हसले.

आता प्रकरण कमिटीपुढे जाणार आहे. भीमराजांचं म्हणणं, मोरी फोडून पाइप बघायचा. त्यासाठी जाणत्या माणसाचं लेखी पाहिजे. मामा, तुम्ही या इमारतीचे मुकादम, तुमच्या शब्दाला इथे वजन आहे. ओल मोरीतून येते एवढं एका कागदावर लिहून पाठवा ना. सासूबाईंना रात्र बसून काढावी लागते, मला हे लवकर मिटवायचं आहे.

वनू


आचरा
२१ सप्टेंबर १९८६

चि. वनमाला,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचून फार बेचैन झालो. भांडणापर्यंत कशाला गेलीस?

मी इथे तीनशे मैलांवर बसून लेखी कसं देणार? मोरीच्या भिंतीतून ओल येऊ शकते, ही गोष्ट खरी. पण एका जागेच्या परीक्षेवरून निकाल लावायचा नसतो. आता असं कर. बाहेरच्या खोलीच्या मधोमध, मोरीपासून लांब, तसंच प्लास्टिक लाव. दुसरं दाराजवळ लाव. दोन्हीकडे काय निघतं ते मला सविस्तर लिही. तिथे कोरडं निघालं तर मोरीचा विचार करू. तिथेही ओलं निघालं तर मोरीला हातसुद्धा लावू देऊ नको. एडनाच्या घरात जमिनीला ओल आहे का, हेही विचार. विचारलं नसशील तर आधी ते विचारायला हवं होतं.

कमिटीला सांग, घाई करू नका. फोडलेली मोरी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. नवी फरशी, जुनी फरशी यांचा सांधा कायमचा कच्चा राहतो. नसलेली गळती त्यातून सुरू होते. पाऊस संपू दे, एक-दोन अमावास्या-पौर्णिमा जाऊ देत. सासूबाईंना मधल्या काळात पलंगावर झोपव, माझं नाव सांग, ऐकतील.

माझी तब्येत ठीक. मालन रोज विचारते, "तुमका झोप कित्याक येणा नाय?" मी म्हणतो, म्हातारपण. तू उत्तर लवकर पाठव, दोन्ही जागांचं.

काशीराम


बोरिवली
१३ ऑक्टोबर १९८६

ती. मामा,

पत्राला उशीर झाला, नवरात्र होतं. दसरा काल झाला.

कमिटीची मीटिंग पाच तारखेला झाली. तुमच्या पत्रातलं 'मोरीच्या भिंतीतून ओल येऊ शकते, ही गोष्ट खरी' हे वाक्य मी वाचून दाखवलं. भीमराज म्हणाले, मुकादमच म्हणतात म्हटल्यावर विषय संपला. पुढचं वाचायची कुणाला गरज वाटली नाही. एडनाचा नवरा अ‍ॅम्ब्रोज नुसता हात बांधून उभा. एडना एवढंच म्हणाली, "माझी मोरी कोरडी निघाली तर?" भीमराजांनी बुधवारची तारीख लिहून घेतली.

बुधवारी फोडली. लाद्या काढल्या, खालचा कोबा काढला, पाइप उघडा केला. पाइप कोरडा निघाला, सांध्याला शिसं जसंच्या तसं. पण खालची माती ओली आहे. म्हणून भीमराज म्हणतात, गळती अजून आत असणार, स्वयंपाकघराच्या ओट्याखालून पाइप जातो तिथे. येत्या रविवारी, एकोणीस तारखेला, ओटा फोडायचा ठरलं आहे. एडनाच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही, सगळी भांडी हॉलमध्ये अल्तारासमोर, त्यांच्या देव्हाऱ्यासमोर, काढून ठेवली आहेत. येता-जाता मला दिसतात, दार उघडंच असतं.

तुम्ही सांगितलेलं दुसरं प्लास्टिक लावायला काही वेळ झाला नाही.

सासूबाईंचा खोकला तसाच. ओट्याखाली सापडेल असं सगळे म्हणतात. सापडलं की लिहीन.

वनमाला


(तार)
आचरा, १८ ऑक्टोबर १९८६

ओटा फोडू नका. काम थांबवा. पत्र मागाहून.
काशीराम


आचरा
१९ ऑक्टोबर १९८६

चि. वनमाला,

तार वेळेवर पोचली की नाही, या चिंतेत आज सकाळपासून चार वेळा पोस्टात जाऊन आलो. पोस्टमास्तर म्हणाले, काका, घरी जा. घरी बसवत नाही म्हणून हे लिहितो.

एडनाच्या मोरीत काही नाही. ओट्याखालीही काही सापडणार नाही. ओल तुझ्या घराखालून येते, तिच्याही घराखालून येत असणार, आणि हे मला तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच माहीत होतं.

ती जागा भरणीची. खाली खाडीचा चिखल, वर मुरूम, त्यावर सोलिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचा थर. अशा जागेत काँक्रीट एकटं ओल अडवत नाही, उलट दिव्याच्या वातीसारखं खालचं पाणी वर ओढतं. म्हणून इंजिनियर साहेबांनी नकाशावर स्पष्ट लिहिलं होतं की सोलिंगवर वाळू, वाळूवर काळं प्लास्टिक अखंड पसरायचं, जोडाला एकावर एक वीतभर घ्यायचं, भिंतीच्या कडेला वर वळवायचं. ते फाटू नये म्हणून वरून दोन बोटं वाळू, आणि मग काँक्रीट. प्लास्टिकचे गुंडाळे शेडमध्ये येऊन पडले होते.

एक्याऐंशी सालची दिवाळी होऊन आठेक दिवस झाले असतील. शनिवारी दुपारी अवकाळी पाऊस आला, रविवारीही थांबेना. मजुरांच्या झोपड्या खालच्या अंगाला होत्या, चटया आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या यांची छपरं. त्यांत विमला नावाची जालन्याकडची एक बाई होती, तीन दिवसांची बाळंतीण. मी बघायला गेलो तर छपरातून धार पडत होती आणि ती बाळाच्या वर ओणवी होऊन बसली होती, पाठीवर पाणी घेत. मी शेड उघडली, गुंडाळे काढले आणि कापून अकरा झोपड्यांवर टाकले. मला त्याचा पस्तावा नाही. सोमवारी साहेबांना सांगून नवे गुंडाळे मागवू, असं मनात धरलं होतं.

पण सोमवारी मालकाने, म्हणजे बिल्डरने, मुहूर्त काढलेला. नऊ चाळीसला काँक्रीटची पहिली पाटी पडलीच पाहिजे. गुरुजी आले, नारळ आला, पेढे आले, मालकाची म्हातारी आई खुर्चीवर येऊन बसली. पाऊस उघडला म्हणून सगळे खूश, म्हणे शकुन झाला. साहेब मालकाच्याच गाडीतून उतरले. मला विचारलं, "काशीराम, प्लास्टिक?" वाळू तर पसरलेली होती, वरून बघणाऱ्याला काय कळणार! त्या गर्दीत, त्या हारतुऱ्यांत, मुहूर्त चुकवा असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही. मी म्हटलं, "टाकलं साहेब." त्यांनी कागदावर सही केली, खाली मी केली. ए विंगचा तळमजला दोन दिवसांत भरून झाला. आठ दिवसांनी मी भांडारातून नवे गुंडाळे काढले ते बी विंगला लागले. म्हणून बी विंग कोरडी आहे.

तीस वर्षांत माझ्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, त्याचा मला गर्व होता. त्या गर्वापायी पुढेही बोललो नाही. तुझ्या आईने विचारलं, भावा, घर चांगलं आहे ना? नाही म्हणालो असतो तर का, ते सांगावं लागलं असतं. मी हो म्हणालो. वर्षानुवर्षं मनाला समजावत होतो की खाडी लांब आहे, काही होणार नाही.

आणि सगळ्यात वाईट ते आता लिहितो. मोरीच्या भिंतीजवळ प्लास्टिक लाव, असं मी तुला मुद्दाम लिहिलं. तिथे ओलं निघणार आणि तुझा संशय मोरीवर जाणार, हे मला कळत होतं. मग तू भांडलीस आणि माझी झोप गेली. पुढच्या पत्रात धडपणे सत्य लिहायचं सोडून मी आडून आडून लिहीत बसलो. एका बाईचं घर माझ्या एका वाक्याने फुटलं. ते वाक्य मी अर्धवट लिहिलं आणि तू अर्धवट वाचलंस. तुला दोष देत नाही.

आता उपाय. पाऊस संपलेला आहे, हीच वेळ. ए विंगच्या तळमजल्यावरच्या चारही घरांच्या लाद्या काढाव्या लागतील. कोबा खरवडून साफ करायचा, महिनाभर उघडा वाळू द्यायचा. मग गरम डांबराचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, भिंतीवर वीतभर चढवून. डांबर ओलं असतानाच त्यावर वाळू शिंपडायची, म्हणजे वरचा थर धरतो. त्यावर काळं प्लास्टिक, अखंड. मग दोन इंच बारीक काँक्रीट, त्याला आठ दिवस पाणी, पुढे पुन्हा वाळवण, आणि शेवटी लादी. मुहूर्त बघून घाई करायची नाही. शिवाय खाडीच्या बाजूने जोत्याबाहेर खोल चर खणून दगडांनी भरायचा, उधाणाचं पाणी तिकडे वळेल. एडना म्हणाली ते अगदी खरं आहे. तीस वर्षं काम करून मी जे लपवलं ते तिने नुसतं बघून ओळखलं.

मी येतो. डोळ्यांनी अजून दिसतं, ओळंबा धरता येतो. हे पत्र एडनाला दाखव, कमिटीला दाखव. माझं नाव लपवू नको.

तुझा मामा
काशीराम


बोरिवली
२७ ऑक्टोबर १९८६

मामा,

तार रविवारी सकाळी साडेनऊला आली. घण ओट्याला टेकवून माणूस तंबाखू मळत होता. मी तशीच धावले. भीमराज वैतागले, पण काम थांबलं. ओटा वाचला.

पत्र गुरुवारी आलं. वाचून मी इतकी भडकले की हे घरी आले तेव्हा कुकर जळून गेला होता. चार दिवस मनातल्या मनात तुम्हाला पत्रं लिहीत होते. आईला काय वाटेल, हे लिहिलं. सासूबाई रात्रभर खोकतात त्या तुमच्या गर्वापायी, हे लिहिलं. मुकादम म्हणून इथे तुमचं नाव मी किती मिरवलं, तेही लिहिलं. सगळं खरं आहे आणि मला अजून राग आहे. पण तो कागदावर उतरवायला बसले की हात थांबतो, कारण मलाही एक सांगायचं आहे.

तुमचं एकवीस तारखेचं पत्र मला सव्वीस सप्टेंबरला मिळालं. त्याच दुपारी मी बाहेरच्या खोलीत मधोमध प्लास्टिक लावलं, दुसरं दाराजवळ. वेळ झाला नाही असं मी तुम्हाला लिहिलं ते खोटं. सत्तावीसला दोन्हीकडे उचललं. दोन्हीकडे खाली थेंब, मोरीजवळ होते तेवढेच. मला वाटलं, चुकलं असेल. पट्टी बदलून पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मग सर्वपित्री अमावास्या झाली आणि तिच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जमिनीवर अक्षरशः पाणी होतं, पावसाचा थेंब नसताना. मी फडकं पिळत बसले होते आणि एडनाचं बोलणं शब्दन् शब्द आठवत होतं.

म्हणजे पाच तारखेला मीटिंगमध्ये तुमचं वाक्य वाचलं तेव्हा मला माहीत होतं. पुढचं वाक्य डोळ्यांसमोर होतं, मी बोट ठेवून कागद मिटला. सगळ्यांसमोर तिला हसले होते ना मी, मामा. आता उभं राहून एडना बरोबर आहे म्हणायचं, म्हणजे भीमराज, कमल, सगळी विंग मला हसणार. एवढंच कारण. दुसरं काही कारण शोधून सापडत नाही. बुधवारी मोरीवर घण पडत होते तेव्हा मी मजुरांसाठी चहा करत होते.

गुरुवारी संध्याकाळी तुमचं पत्र घेऊन तिच्या दारात गेले. अ‍ॅम्ब्रोजने खुर्ची दिली. मी उभ्यानेच वाचलं, सगळं. मग हे माझंही सांगितलं. अ‍ॅम्ब्रोज उठून बाहेर गेला. एडनाने एक पान परत वाचायला लावलं. मग म्हणाली, "माझ्या घरात कशाला सांगतेस? सगळ्यांसमोर हसलीस, सगळ्यांसमोर सांग."

काल मीटिंग झाली, तिथे सांगितलं. कुणी हसलं नाही, ते हसले असते तर बरं झालं असतं. भीमराज आता सगळा दोष तुमच्यावर ढकलायला बघतात. मी म्हटलं, मामांचं ते कबूल करतील, माझं मी केलंय, तुम्हीही खाडी आंघोळीला येते म्हणाला होतात. तर त्यांनी कामाचा विषय काढला. काम तुम्ही लिहिलंत तसंच करायचं ठरलं, आधी एडनाच्या घरापासून.

एडना माझ्याशी बोलत नाही. आंघोळीला ती दोघं वर कमलकडे जातात, माझ्या दारावरून, टॉवेल खांद्यावर टाकून. मी रोज त्या वेळी दार उघडं ठेवते. ती आत बघत नाही.

तुम्ही या. तिने तुमचा पत्ता मागून घेतला आहे, कशाला ते सांगितलं नाही.

वनमाला


बोरिवली
६ नोव्हेंबर १९८६

श्री. काशीराम यांना एडनाकडून.

मी जास्त शिकलेली नाय, चूक झाली तर समजून घ्या. वनमालाकडून पत्ता घेतला.

तुमचं पत्र ऐकलं. तुमी प्लास्टिक झोपड्यांवर टाकलं ते बरं केलं. मी असते तर मीपण टाकलं असतं. दुसऱ्या दिवशी तोंड उघडलं नाय, ते तुमचं पाप. अ‍ॅम्ब्रोज म्हणतो असल्या माणसाला घरात घेऊ नको. मी म्हटलं, ज्याने बिघडवलं त्यालाच नीट माहीत असणार कुठे काय कमी हाय. तुमी या. पण माझ्या घरात काय फोडायचं, किती फोडायचं, ते आधी मला सांगायचं. मला कळेल असं सांगायचं, भीमराजाला नाय. प्लास्टिक पसराल तेव्हा मी तिथे उभी राहणार. वाळू टाकायच्या आधी मी कोपरा न् कोपरा बघणार, हात लावून बघणार. मग कोण कितीपण मुहूर्त घेऊन येऊ दे.

माझ्या घरात ओल हाय. अल्ताराच्या कोपऱ्यात जास्त हाय. मी कधी बोलले नाय, कारण मला ती नवी वाटली नाय. आमच्या गोराईच्या घरात पावसात चुलीपर्यंत ओल यायची. माझी आई भाताचं तूस पसरायची, उधाण उतरलं की झाडून काढायची. मला वाटलं, जमीन अशीच असते. कोणी विचारलंच नाय. वनमालाने एकदा दारात येऊन विचारलं असतं, तुझ्याकडे पण ओल हाय काय गं, तर मी हात धरून आत नेऊन दाखवली असती. तिने विचारलं नाय, आरोप केला. तिच्या टायफॉइडात मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसायची. म्हणून माझा राग तुमच्यापेक्षा तिच्यावर जास्त हाय. तो कधी जाईल मला माहीत नाय. ती दार उघडं ठेवते ते मला दिसतं. तिला लिहू नका मी असं लिहिलं म्हणून.

तिची सासू वाईट नाय, म्हातारीला त्रास होतो. आमच्याकडचं काम चालू असताना तिचंपण चालू करा, तिला थांबवू नका.

आता एक विचारते. तुमच्या पत्रात सगळं हाय, सोलिंग हाय, डांबर हाय, तुमची सही हाय, तुमची झोप हाय. वनमालाने ते वाचलं, मीटिंगमध्ये सगळ्यांनी ऐकलं, पंधरा-वीस माणसं होती. कोणी विचारलं नाय. मी ते पान परत वाचायला लावलं, मला वाटलं ऐकायचं राहिलं. पण तुमी लिहिलंच नाय.

ते तीन दिवसांचं बाळ जगलं काय?

यायच्या आधी तेवढं कळवा.

एडना